‘ड’-प्रतिरोधी मुडदूस : एक संज्ञा व तिचे परिणाम

१९२२ साली मॅकॉलम यांनी ‘ड’ जीवनसत्त्वाचे नामकरण केले आणि मुडदुसाचे कोडे बव्हंशी सुटल्यासारखे झाले. १९३७ साली बॉस्टन येथील फुलर ऑल्ब्राइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजुतीस छेद देणारा एक रुग्ण नोंदविला. नेहमीच्या मात्रेने त्या मुलाचे अस्थिदोष हटेनात; म्हणून विकारास ‘ड-प्रतिरोधी’ म्हटले गेले. वर्णन म्हणून ही संज्ञा यथार्थ होती. परंतु तिने उपचारासही वळण लावले. प्रतिरोध आहे, तर मात्रा वाढवावी! या उपचारात रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांस इजा होण्याचे भय असे. वस्तुतः मूत्रावाटे फॉस्फेट वाहून जाणे हाच मूळ दोष होय. त्यातूनच बालकांत मुडदूस व प्रौढांत अस्थिमार्दव उद्भवते. १९५८ साली विंटर्स प्रभृतींनी रक्तातील अल्प फॉस्फेटाचा माग कुटुंबांतून काढून विकाराचा क्ष-गुणसूत्राशी संबंध दाखविला. पुढे फॉस्फेट व कॅल्सिट्रिऑल यांचा जोडउपचार रूढ झाला. २०१८ साली अमेरिकेत मान्यता पावलेले बुरोसुमॅब हे औषध तर फॉस्फेट दवडणाऱ्या एफजीएफ-२३ या संप्रेरकासच अडविते. जुनी संज्ञा मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतही आढळते.