उदगीरच्या खंदकाकाठीं

लातूरहून सकाळीं निघालेल्यानें सायंकाळीं परतावें, एवढाच उदगीरचा प्रवास. एका बाजूस किल्ल्यास दरीनेंच राखलें आहे. इतरत्र खोल खंदक खणावा लागला. आंत उदागीर महाराजांची समाधि आहे. गांवाचें नांव त्यांच्यावरूनच पडलें, असें लोक सांगतात. परंतु जाणता प्रवासी येथें थबकतो तो निराळ्याच स्मरणानें. फेब्रुवारी १७६० मध्यें याच मुलखांत सदाशिवरावभाऊंनीं निजामास जेरीस आणून दौलताबादेसह सुमारें साठ लक्ष उत्पन्नाचा मुलूख पदरांत पाडून घेतला. तिकडे यमुनेकांठीं बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे १० जानेवारीसच पडले होते. ती वार्ता दक्षिणेंत अद्यापि पोंचावयाची होती. ती आली, आणि विजयी भाऊंचीच उत्तरेकडे रवानगी झाली. पानिपताचा दिवस १४ जानेवारी १७६१.