चिकटवलेले पाकीट आणि राज्याचा संशय

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा या गावी पत्र धाडावयाचे झाल्यास पत्त्यातील ‘प्रवरा’ हा शब्द विसरून चालत नाही. नाही तर पत्र नाशिकजवळच्या लष्करी देवळालीची वाट धरावयाचे! इतकी काळजी घेऊन आपण पाकीट चिकटवितो, तेव्हा टपालखात्याशी आपला एक अलिखित करारच होत असतो. ज्याच्या नावाचे पत्र, त्यानेच ते उघडावे, असा तो करार. राज्यावर संकट आले असता हा करार मोडावा लागतो, हे कोणीही सुज्ञ मनुष्य मान्य करील. परंतु संकट आले आहे हे ठरवावे कोणी? या प्रश्नाचा इतिहास शोधण्यास देवळालीकरांना फार दूर जावे लागत नाही. नगरचा किल्ला त्यांच्याच जिल्ह्यात आहे.

या किल्ल्याने संशयाचा एक बळी फार पूर्वी पाहिला. मोगलांचा वेढा पडला असता चांदबिबी तहाची बोलणी करू पाहते, म्हणजे शत्रूशी आतून संधान बांधते, अशी आवई उठली, आणि १६०० साली तिच्याच पदरच्या लोकांनी तिला ठार केले. ज्या किल्ल्याच्या रक्षणासाठी म्हणून हे झाले, तो लवकरच मोगलांच्या हाती पडला.

पुढे ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीची धरपकड झाली व बहुतेक सभासदांना याच किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, आपले शंकरराव देव अशी ती बारा माणसे. आरंभी त्यांना वर्तमानपत्र नव्हते की पत्र नव्हते. पुढे घरच्या माणसांशी पत्रव्यवहाराची परवानगी मिळाली, तीही सरकारी नजरेखालून.

सरकारची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेले होते. जहाज केव्हा सुटणार, पलटण कोठे निघाली, असली एखादी ओळ घरगुती पत्रातही शेकडो शिपायांच्या प्राणावर बेतू शकते. तेव्हा युद्धकाळी टपाल तपासणारा अधिकारी हा निव्वळ चोंबडा गृहस्थ असतो, असे मी म्हणणार नाही.

परंतु मौलानांची हकीकत ऐका. त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास अंथरुणास खिळल्याची वार्ता त्यांना तुरुंगातच कळली. सरकारला काही कळवावयाचे असल्यास कळवितो, असे किल्ल्यावरील अधिकाऱ्याने सुचविले. मौलानांनी काहीच मागितले नाही. एप्रिल १९४३ मध्ये त्या वारल्या. पतिपत्नींची पुन्हा भेट झाली नाही. त्या दुखण्याच्या वार्तेत लष्करी गुपित ते कोणते होते? या काळात मौलाना आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहीत, पण ती टपालात पडतच नसत. ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती १९४६ साली छापून निघाली. एका मित्रासाठी लिहिलेला मजकूर अशा रीतीने साऱ्या जगाने वाचला.

पत्र अडविण्याचा अधिकार युद्धाने जन्मास घातला, असे मात्र नव्हे. लोकमान्यांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली १८९७ मध्ये. १८९८ साली टपालाचा कायदा झाला. त्याच्या २६व्या कलमान्वये सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी कोणतेही पत्र अडविता येई. खरी मेख त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात होती. आणीबाणी आहे की नाही, अशी शंका निघाल्यास सरकारचा दाखला हाच निर्णायक पुरावा! फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश हे तिघेही एकाच खुर्चीत बसविण्याची ही युक्ती अजब खरी.

आता किल्ल्यातील कैदी राज्यकर्ते झाले, तेव्हा काय घडले ते पाहू. घटनासमितीच्या मूलभूत हक्क उपसमितीचे अध्यक्ष होते आचार्य कृपलानी. पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क या उपसमितीने आपल्या मसुद्यात घातला होता. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचा आक्षेप असा, की मग प्रत्येक खासगी पत्रास सरकारी दप्तराचा दर्जा येईल. एप्रिल १९४७ मध्ये सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने तो हक्क गाळला. कृपलानी आणि पटेल हे दोघेही नगरच्या किल्ल्याचे रहिवासी! त्या महिन्यांत देश दंग्यांनी होरपळत होता, हे विसरून त्यांच्यावर ठपका ठेवणे सोपे आहे. परंतु जो हात कालपर्यंत आपली पत्रे अडवीत होता, तोच आज आपला झाला म्हणजे त्याची भीती किती लवकर मावळते, हेही येथे दिसते.

३ डिसेंबर १९४८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी मनुष्याचे घर व कागदपत्र यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारी दुरुस्ती मांडली. फौजदारी कायद्यात असे संरक्षण असले तरी ते विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवणे बरे, असे म्हणून डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखविली. तरीही ती दुरुस्ती संमत झाली नाही.

१८९८चे कलम स्वराज्यातही नांदत राहिले. १९८६ साली संसदेने टपालाविषयी दुरुस्तीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पुढे २०२३चा नवा टपाल कायदा जून २०२४ पासून अमलात आला. तो जुना दाखला या कायद्यात उरला नाही. मात्र राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी अशा कारणांसाठी पत्र अडविण्याचा व उघडण्याचा अधिकार त्याच्या नवव्या कलमात आहे, आणि पाकीट फोडण्यापूर्वी न्यायाधीशाची संमती घ्यावी असे ते कलम म्हणत नाही.