टाळेबंदीतील दोन पिढ्या

साथींचा इतिहास मृतांच्या आकड्यांत लिहिला जातो. त्या काळातील एकांताची नोंद सहसा राहून जाते. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि एकाच छपराखाली राहणाऱ्या दोन पिढ्यांचा एकांत दोन वाटांनी गेला.

प्रौढांनी ओळखीच्या गोष्टींत आधार शोधला. २८ मार्चपासून दूरदर्शनने १९८७-८८ मधील ‘रामायण’ मालिका पुन्हा दाखवली. अनेक आईवडिलांना तीत आपले बालपण भेटले. रोजगाराची व आजाराची चिंता मोठी होती. तरी तिला तोंड देताना जुनी नाती आणि आठवणी त्यांच्या हाताशी होत्या.

कुमारवयीन मुलांजवळ असा साठा नव्हता. या वयात स्वतःची ओळख मित्रमैत्रिणींच्या सहवासात घडते. तो सहवास त्यांनी मोबाइलच्या पडद्यावर शोधला. मोठ्यांना ते व्यसन वाटले. मुलांना ती मधली सुट्टी होती. त्यातच सुरक्षेच्या कारणास्तव २९ जूनला टिकटॉकवर आणि २ सप्टेंबरला पबजीवर बंदी आली. ज्या घरांत मोबाइलच नव्हता, तेथील मुलांना एवढाही विसावा नव्हता.

पुढील वर्षी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १४ एप्रिलला दहावीची आणि १ जूनला बारावीची परीक्षा रद्द केली. पालकांचा जीव भांड्यात पडला. अनेक मुलांचा निरोपसमारंभ मात्र कायमचा हुकला. मोठ्यांची थांबलेली कामे पुढे सुरू झाली. पंधरावे-सोळावे वर्ष पुन्हा येत नाही. शाळांचे इतिहास लिहिताना त्या तुकड्यांच्या निकालांसोबत ही उणीवही नोंदली जावी.