मस्टरवर नाव नसलेली माणसं

बहात्तरचा दुष्काळ आपल्या पिढीला तोंडपाठ आहे. लाल मिलोची भाकरी, सुखडी, टँकरभोवती लागलेली भांडी, खडी फोडायला गेलेले आई-वडील. दोन वर्गमित्र भेटले की हे निघतंच. निघत नाहीत ती तीन-चार माणसं: कामावर हजेरी मांडणारा कारकून, टेप घेऊन उन्हात फिरणारा ओव्हरसिअर, गावोगाव हिंडणारा तलाठी आणि काम मंजूर होईपर्यंत कचेरीतून न हलणारा पंचायत समितीचा सदस्य. संपादक मंडळाने तालुक्याच्या इतिहासावर लिहायला सांगितलं, तेव्हा मला हीच माणसं आठवली.

त्यांचं मोल कळायला शंभर वर्षं मागे जावं लागतं. 1876-77 च्या दुष्काळातही दख्खनमध्ये सरकारी कामं निघाली होती. पण व्हाइसरॉय लिटनने पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी इतकी खाली आणली, की दिवसभर राबणाऱ्याच्या वाट्याला पौंडभर धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढंच येऊ लागलं. हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने आणि सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशींनी, माहिती जमवून अर्जांमागून अर्ज केले. पण अर्जापलीकडे त्यांच्या हाती काय होतं? उपाशी माणसाच्या मतावर निवडून आलेलं, साहेबाला जाब विचारू शकणारं तालुक्यात कोणीच नव्हतं.

आपल्या वेळी ते होतं. 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. त्यांना दहा वर्षं होतात न होतात तोच लागोपाठ पावसाने दगा दिला आणि 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळजवळ 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका. 50 लाख माणसांची हजेरी रोज मांडायची. खोदलेल्या मातीचं माप घ्यायचं, त्यावरून प्रत्येक टोळीची मजुरी काढायची, रोख रक्कम कामावर न्यायची आणि अंगठे घेऊन वाटायची. आणि हे सगळं संगणक नसताना, गावाला धड रस्ता नसताना. मापात चूक झाली तर एखाद्या घराची आठवड्याची चूल अडायची. पगार उशिरा आला की शिव्या कारकुनाला, काम लांब निघालं की शिव्या सदस्याला. त्या शिव्या दोघांपर्यंत पोचत होत्या, 1877 आणि 1973 मधला मोठा फरक मला हाच वाटतो. सदस्याला पुन्हा त्याच दारात मत मागायला जायचं होतं, म्हणून तो तहसीलदारापुढे जाऊन बसत होता.

आता आपल्या तासगाव तालुक्याची गोष्ट. बाहेरगावी स्थायिक झालेल्या किती जणांना ती ठाऊक असेल, शंकाच आहे. दुष्काळाच्या सात वर्षं आधी, 1965 मध्ये, वि. स. पागे यांनी आपल्या विसापुरात एक प्रयोग सुरू केला: जो काम मागेल त्याला गावाजवळ काम द्यायचं आणि त्या कामातून गावाची जमीन-पाणी सुधारायचं. पागे विधान परिषदेचे सभापती होते, 1960 ते 1978. एवढ्या उंच खुर्चीवरचा माणूस विसापूरच्या मजुराचा हिशेब मांडत बसला, याचं मला अजून नवल वाटतं. त्या प्रयोगातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा 1977 मध्ये झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. बाई-पुरुषांना कामाचे दर सारखे. 2005 साली दिल्लीने देशभरासाठी कायदा केला, तेव्हा समोर नमुना महाराष्ट्राचाच होता.

यात आपलाही वाटा आहे, बरं का. पगाराच्या चिठ्ठीवर ‘व्यवसाय कर’ म्हणून कपात व्हायची, नंतरच्या वर्षांत महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300. तो कर 1975 मध्ये या योजनेसाठीच बसवला होता आणि जमेल तेवढीच भर सरकारने स्वतः घालायची होती. मुंबई-पुण्यात नोकरी करणारे आपले वर्गमित्र या कपातीवर वर्षानुवर्षं कुरकुरले, पण नकळत गावाकडची ताल आणि पाझर तलाव बांधत राहिले.

सगळं गोमटं होतं असं मी म्हणणार नाही. खोटी नावं घातलेली मस्टरं होती, मापात मारणारे मुकादम होते, कागदावरच राहिलेले बांधही होते. त्यांच्या सुरस कथा आपल्याकडे भरपूर आहेत आणि त्या सांगायला कोणाला आग्रह करावा लागत नाही. पण 50 लाखांची मजुरी काही त्या चोरांनी वाटली नाही. ती ज्यांनी वाटली, त्यांच्यापैकी बहुतेक जण कसलाही सत्कार न होता निवृत्त झाले.

आपल्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे वडील तलाठी, ग्रामसेवक, कारकून होते. दोघा-तिघांचे पंचायत समितीवर होते. पुढे आपल्यातलेही काही त्याच खात्यांत गेले. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चहानंतर, अर्धा तास त्यांच्यासाठी मागून घेतला आहे. कोणाच्या घरी त्या काळची डायरी, एखादा फोटो किंवा जुनं मस्टर असेल तर सोबत आणा. आणि वडील हयात असतील, प्रवास झेपणार असेल, तर त्यांनाच घेऊन या. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या राखून ठेवतो.