सोंगाड्याने काय सांगितले, काय टाळले

तमाशाच्या वगात राजाची टवाळी करायची मुभा सोंगाड्याला असते. सत्यशोधक जलशांनी ही मुभा जातिव्यवस्थेवर नेम धरून वापरली. पुढे भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी ती धार कायम ठेवली. मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या दादा कोंडक्यांनी हाच सोंगाड्या पडद्यावर आणला. १९७१च्या ‘सोंगाड्या’तला, लोंबत्या नाडीची ढगळ चड्डी घातलेला भोळा नाम्या, किंवा १९७५चा ‘पांडू हवालदार’, दोघेही तळातल्या माणसाच्या नजरेने प्रतिष्ठितांकडे पाहतात. रोह्याजवळच्या धाटावसारख्या गावांत भातखाचरांशेजारी रासायनिक कारखाने आले आणि शेतकऱ्याचा मुलगा पाळीवर जाऊ लागला. अशा माणसाला ही नजर ओळखीची होती.

कोंडक्यांचे हे चित्रपट म्हणजे निव्वळ द्व्यर्थी चावटपणा, असा आक्षेप घेतला जातो. पण द्व्यर्थ ही तमाशाचीच जुनी रीत आहे; तिला अश्लील ठरवण्यात वर्गाचा तोरा मिसळलेला असतो. खरा आक्षेप वेगळा आहे. १९७४च्या ‘ब्लेझिंग सॅडल्स’ या हॉलिवूडपटात दिग्दर्शक मेल ब्रूक्स यांनी गोऱ्यांच्या गावावर काळा शेरीफ नेमला आणि वंशद्वेषालाच हास्यास्पद ठरवले. आपल्या पडद्यावरच्या सोंगाड्याने वर्दी, पैसा आणि लाचखोरी यांची खिल्ली उडवली, जातीला मात्र थेट हात घातला नाही. सर्व जातींचा प्रेक्षक हवा म्हणून हे झाले, असा बचाव करता येईल. तो पुरेसा नाही: चावडीसमोरचा जलसाही मिश्र गावातच उभा राहिला होता. वर्गावर हसवण्याचे धैर्य मराठी पडद्याने दाखवले. जलशाचा उरलेला वारसा त्याने पुढे न्यायलाच हवा.