दुष्काळातली मुलं आणि परक्यांची शाळा

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ असं आपण अजूनही म्हणतो. ते सोनं म्हणजे कापूस. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेना आणि वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीला एकाएकी भाव आला. पाठोपाठ भुसावळ-नागपूर रेल्वे अकोल्यावरून गेली. बार्शीटाकळीसारख्या गावांतला कापूस वीसेक किलोमीटरवरच्या अकोल्याच्या बाजारात जाऊ लागला. पैसा हातात खेळू लागला, पण घरच्या पेवातली ज्वारी कमी झाली. याचा अर्थ १८९९ मध्ये कळला. पावसानं दगा दिला, कापूसही गेला आणि ज्वारीही गेली. रेल्वेनं धान्य येत होतं, पण ते विकत घ्यायला मजुराकडे पैसा नव्हता.

१८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत दोन मोठे दुष्काळ आणि त्यांच्यामागून आलेली रोगराई. या आकड्यात मेलेले दिसतात. मागे राहिलेली मुलं वेगळी मोजलेली नाहीत, आणि मला बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दल.

मदत परदेशातून आली. लंडनमध्ये निधी उभा राहिला, पण १८९७ च्या मानानं तो कमी पडला. ऑक्टोबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झालं होतं आणि इंग्लंडमधल्या दात्यांचं लक्ष व खिसा तिकडे वळला होता. एका देशातल्या लढाईमुळे दुसऱ्या देशातल्या मुलांचं ताट रिकामं राहतं, हे तेव्हाही होतंच. अमेरिकेत ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकानं वर्गणी गोळा केली. मे १९०० मध्ये ‘क्विटो’ नावाची आगबोट मका भरून न्यूयॉर्कहून मुंबईला निघाली. तिच्या भाड्याचा खर्च अमेरिकन सरकारनं उचलला. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला मक्याचं काय अप्रूप? पण पोट रिकामं असलं की माणूस चव विचारत नाही.

धान्य संपतं, अनाथ मूल मात्र उरतं. अकोल्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनचं ठाणं आधीपासून होतं. मार्कस फुलर आणि जेनी फुलर हे दांपत्य तिथं बरीच वर्षं काम करत होतं. हिंदू बायकांच्या स्थितीवर जेनीबाईंनी लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये आलं, त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची होती. त्याच वर्षी जेनीबाई वारल्या. मिशननं मुलांसाठी अकोल्यात आणि मुलींसाठी खामगावात अनाथालयं चालवली. अन्न, कपडा, अक्षरओळख, हाताला काहीतरी काम आणि बायबल, असा तिथला क्रम. मुलांच्या खर्चासाठी अमेरिकेतली कुटुंबं पैसे पाठवत.

हे वाचताना माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. १९०१ मध्ये वऱ्हाडात लिहिता-वाचता येणाऱ्या बायकांचं प्रमाण हजारी तीनच्या आसपास होतं. अशा मुलखात, आई-बाप गेलेल्या पोरीला कुणीतरी पाटी-पेन्सिल दिली. ही गोष्ट लहान नाही. गावातल्या कुठल्या पाटलानं किंवा सावकारानं ती दिली असती, असं मला प्रामाणिकपणे म्हणवत नाही. पण त्या पाटीची किंमतही होती. मुलगी ज्या घरातून, ज्या जातीतून, ज्या देवापासून आली ते सगळं मागे टाकायचं. आणि हा सौदा तिनं केलेला नव्हता, तिच्या वतीनं भुकेनं केला होता.

यावरून तेव्हाही भांडण झालंच. आर्य समाजाच्या लाला लजपत राय यांनी हिंदू अनाथांसाठी चळवळ उभारली आणि मध्य प्रांत, राजपुताना या भागांतून मुलं पंजाबात नेली. फिरोजपूरचं अनाथालय त्यातलंच. १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढं लजपत रायांनी साक्ष दिली. मुलाला आधी त्याच्या धर्माच्या लोकांकडे देण्याचा पुरेपूर प्रयत्न व्हावा, मगच दुसऱ्याकडे, असं आयोगाचंही मत पडलं. मागणी रास्त होती. पण मूल फिरोजपूरला गेलं काय आणि मिशनच्या आवारात गेलं काय, त्याचं गाव सुटलंच. त्याची जमीन कुणी कसायची, त्याच्या गावात शाळा कधी निघायची, हा विषय कुणाच्याच अर्जात ठळक नव्हता. ते आत्मे मोजत होते, एका बाजूनं आणि दुसऱ्या बाजूनंही.

आज सुदान किंवा अफगाणिस्तानातल्या शाळांच्या बातम्या वाचताना हे आठवतं. भाषा बदलली आहे, बायबलची अट गेली आहे. दात्याच्या मर्जीवर शाळेचं आयुष्य अवलंबून असणं मात्र राहिलं आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेची यूएसएड ही संस्था गुंडाळली गेली. निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला, आणि भलत्याच देशांतल्या वर्गांचा पैसा आटला.

वऱ्हाडानं स्वतःचं उत्तर शोधायला पंचवीसेक वर्षं घेतली. दुष्काळाच्या आदल्याच वर्षी, १८९८ मध्ये, अमरावती जिल्ह्यातल्या पापळला पंजाबराव देशमुख जन्मले. १९२६ च्या डिसेंबरात दिल्लीत आर्य समाजाचे स्वामी श्रद्धानंद यांचा खून झाला. त्यानंतर पंजाबरावांनी अमरावतीत त्यांच्या नावानं छात्रालय काढलं. अस्पृश्य मुलांसकट सगळ्या जातींची मुलं तिथं एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. मुलं खेड्यांतली होती, शेतकऱ्यांची होती. सुट्टी लागली की ती आपापल्या गावी घरी जात.