एकापाठोपाठ की एकाच वेळी?

वर्षातून दोन-तीनदा तरी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर ‘परम’ची ती पोस्ट फिरत येते. अमेरिकेनं महासंगणक नाकारला, विजय भटकरांनी जिद्दीनं देशातच बनवून दाखवला, जय हिंद. मग काका-मामा मंडळी हात जोडल्याची चित्रं टाकतात. गोष्ट खोटी नाही. शिवाय आम्हा नागपूरकरांची छाती जरा जास्तच फुगते, कारण भटकर मूळचे मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे आणि १९६५ साली त्यांनी इंजिनिअरिंगची पदवी घेतली ती आपल्या व्हीआरसीईतून. (२००२ पासून ते एनआयटी झालं, पण जुन्या माणसांच्या तोंडून व्हीआरसीई काही जात नाही.)

पण मी पडलो प्रोग्रॅमर. त्या पोस्टमध्ये जे कधीच नसतं, त्यातच मला जास्त रस.

आधी इतिहास थोडक्यात. १९८०च्या दशकात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी एक क्रे एक्स-एमपी मिळाला, तोही एका प्रोसेसरचा आणि ढीगभर अटींसकट. बंगलोरच्या आयआयएससीला त्याहून दमदार यंत्र हवं होतं, ते नाहीच मिळालं. म्हणून १९८८ साली पुण्यात सीडॅक सुरू झाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. आता यातली गंमत पाहा. त्यातले प्रोसेसर आपले नव्हतेच! ते होते इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर. बाजारात कोणालाही विकत मिळणारे. एकेकटा ट्रान्सप्युटर क्रेपुढे किरकोळ. पण प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे होते, आणि असे कितीतरी एकत्र बांधून कामाला लावायचे ही कल्पना.

बांधणं सोपं नव्हतंच. पण माझ्या मते खरं दुखणं पुढचं होतं. या यंत्रावर चालवायचं काय? तोवरचे बहुतेक शास्त्रीय प्रोग्रॅम फोरट्रानमध्ये, एकाच प्रोसेसरसाठी लिहिलेले. पहिली ओळ, मग दुसरी, मग तिसरी. ते जसेच्या तसे चौसष्ट प्रोसेसरांच्या यंत्रावर टाकले, तर एक राबतो आणि त्रेसष्ट बसून बघतात.

लग्नाची पंगत आठवा. वाढपी चौसष्ट आणले म्हणून भात लवकर शिजत नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ सालीच हा मुद्दा मांडला होता. कामाचा दहावा हिस्सा जरी एकापाठोपाठच करावा लागत असेल, तर चौसष्ट प्रोसेसर लावून वेग जेमतेम पावणेनऊपट होतो, आणि हजारो लावले तरी दहापटीच्या वर जात नाही. म्हणजे अख्खा प्रोग्रॅम उलगडून प्रत्येक पायरीला विचारायचं, ‘बाई गं, तू नक्की कोणासाठी थांबली आहेस?’ पुष्कळ पायऱ्या उगाचच थांबलेल्या असतात. लिहिणाऱ्यानं त्या त्या क्रमानं लिहिल्या, एवढंच कारण.

ट्रान्सप्युटरसाठी ऑकम नावाची भाषा होती. तिची एक गोष्ट मला फार आवडते. बाकीच्या भाषांत दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या की त्या क्रमानंच चालणार, हे गृहीत. ऑकममध्ये तसं चालत नाही. वर ‘सेक’ लिहा, म्हणजे एकापाठोपाठ. किंवा ‘पार’ लिहा, म्हणजे एकाच वेळी. काहीच लिहिलं नाही तर प्रोग्रॅम कंपाईलच होत नाही. क्रम हवा असेल तर तसं सांगा! आयुष्यभर वरून खाली वाचायची सवय लागलेल्या माणसाला हे जड जातं.

हवामानाचंच उदाहरण घेऊ. समजा नकाशाचे तुकडे केले, एका प्रोसेसरला नागपूर दिलं, शेजारच्याला भंडारा. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र गोंदिया-भंडाऱ्यावरून आपल्याकडे येतं. मग भंडाऱ्याच्या सीमेवर काय चाललंय हे कळल्याशिवाय नागपूरचं पुढचं गणित कसं होणार? म्हणून दर पायरीला सीमेवरचे आकडे एकमेकांना द्यायचे. पण ऑकममध्ये घेणारा तयार होईपर्यंत देणारा थांबून राहतो. दोघांनीही आधी ‘देतो’ म्हटलं की झालं कल्याण. नागपूर थांबलं भंडाऱ्यासाठी, भंडारा थांबला नागपूरसाठी. चूक दाखवणारा संदेश नाही की चुकीचं उत्तर नाही, नुसती शांतता. आणि दोन्हीकडचा प्रोग्रॅम वेगवेगळा वाचला तर अगदी बिनचूक दिसतो. चूक असते ती दोघांच्या मधल्या जागेत. उपाय म्हणजे एकानं आधी द्यायचं आणि दुसऱ्यानं आधी घ्यायचं, किंवा देणं-घेणं दोन्ही ‘पार’खाली टाकायचं.

हे असं जुने प्रोग्रॅम सोडवत, तुकडे पाडत, नव्यानं लिहीत बसणारी माणसं होती, म्हणून ‘परम’ला अर्थ आला. सीडॅकनं त्यासाठी ‘परास’ नावाची प्रणालीही तयार केली. यंत्राचं नाव सगळ्यांना पाठ आहे, ‘परास’चं नाव मी आमच्या ग्रुपवर एकदाही पाहिलेलं नाही. जिद्दीची गोष्ट चटकन सांगता येते. सीमेवरच्या आकड्यांची कोण ऐकणार?

ट्रान्सप्युटरचं पुढे फार काही झालं नाही. १९९८चा ‘परम १००००’ सन कंपनीच्या प्रोसेसरांवर बांधला गेला. ऑकमही मागे पडली. पण ती ज्या विचारावर उभी होती, तो टोनी होअर यांचा १९७८ सालचा विचार २००९ मध्ये गूगलच्या गो या भाषेत पुन्हा अवतरला. तेच दुवे, तेच देणारा-घेणारा. माझा भाचा मिहानमधल्या एका कंपनीत आहे आणि सध्या रात्री बसून गो शिकतोय. परवा त्यानं पडद्याचा फोटो पाठवला, ‘मामा, हे काय म्हणतंय?’ गोनं लिहिलं होतं, की सगळे झोपलेत, डेडलॉक. त्याला म्हटलं, दोघंही आधी देतायत का ते बघ. पाच मिनिटांनी उत्तर आलं, ‘हो ना!’